बयचा चष्मा

गावदेवी बयच्या अंगात कधीही अवेळी आली नाही. रविवारी चुलीवर मटण शिजत असताना ती यायची नाही. संध्याकाळी टीव्हीवर मालिका लागलेली असताना तर नाहीच नाही. ती यायची कामाच्या दिवशी. घरात वकील आलेत, टेबलावर जमिनीचा नकाशा पसरलाय, बयच्या मुलाने, जगनशेठनी, पेनाचं टोपण काढलंय, अशा नेमक्या वेळी देवीला बयची आठवण व्हायची. आणि देवी यायच्या आधी बय चष्मा काढायची.

चष्मा काढून ती तो सुनेच्या, कविताच्या हातात द्यायची. कविता तो पदराने पुसून डबीत ठेवायची आणि आधी आत जाऊन गॅस बंद करून यायची. देवी एकदा आली की भाजीकडे बघायला कोणी नसतं, हे तिला अनुभवाने ठाऊक झालं होतं. गॅस बंद झाला की बयचा अंबाडा सुटायचा, मान गरगर फिरायला लागायची आणि घशातून असा आवाज निघायचा की दारातले दोन्ही बाउन्सर बूट काढून हात जोडायचे.

मी पनवेलच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले. बयच्या घरी माझं जाणंयेणं सुरू झालं ते तिच्या नातीमुळे. मानसी माझी शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. हुशार, आणि हुशारी लपवण्यातही हुशार. तिने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला विषय घेतला होता, ‘सम्राटांच्या दरबारातील राजस्त्रिया आणि गूढवादाचा प्रभाव’. तिच्या वडिलांना, म्हणजे जगनशेठना, विषयातलं ‘सम्राट’ एवढंच ऐकू आलं आणि ते खूश झाले. मुलीने कॉलेज सुटल्यावर माझ्या घरी येत बसावं हे मात्र त्यांना पटेना. “मॅडम, तुमीच या. गाडी पाठवतो,” ते म्हणाले. अशा रीतीने एका पांढऱ्या, माझ्या स्वयंपाकघराहून मोठ्या गाडीत बसून मी दरबारात दाखल झाले.

दरबार हा शब्द मी उगाच वापरत नाही. विचुंब्यावरून थोडं आत गेलं की शेठचा बंगला लागायचा. नाव ‘राजवैभव’. फाटकावर सिमेंटचे सिंह, त्यांना दर दिवाळीला सोनेरी रंग. आत हॉलमध्ये लग्नाच्या स्टेजवर असतात तशा लाल मखमलीच्या दोन खुर्च्या. एकीवर शेठ बसायचे. दुसरी रिकामी असायची, कारण तिच्यावर बसावं असा तोलामोलाचा माणूस अजून पंचक्रोशीत सापडला नव्हता. शेठच्या वाढदिवसाला नाक्यानाक्यावर जे बॅनर लागायचे, त्यांवर त्यांच्या डोक्यावर मुकुट असायचा. तो संगणकावर चिकटवलेला, त्यामुळे दरवर्षी थोडा वाकडा.

या सगळ्याची राजमाता मागच्या दारी बसून सुका जवळा निवडत असायची.

बयचं नाव हिराबाई. घरात आणि गावात सगळे तिला बय म्हणत, म्हणून मीही. तरुणपणी तिने मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे रस्ते आले, विमानतळ आला, आणि मुलगा भरावाच्या कामात पडून शेठ झाला. बयने यातल्या कशालाही विरोध केला नाही आणि कशाचीही सवय लावून घेतली नाही. गुडघ्यापर्यंत कास घातलेलं लुगडं, गळ्यात सोनं, दाताला मिश्री, नाकावर जाड काचांचा चष्मा. घरातलं चकचकीत स्वयंपाकघर तिच्या मते पाहुण्यांना दाखवायचं होतं. तिचा संसार मागच्या दारी, चुलीपाशी.

पहिल्याच दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “म्याडम, तुमी पोरीला काय शिकवता?”

“इतिहास.”

“म्हंजे मेलेल्यांचा?”

“हो.”

“बरा हाय. ते उलट बोलत नाय.”

बयची देवी काय काय सांगायची, ते मला हळूहळू कळत गेलं. शेठना घरामागची विहीर बुजवून पोहण्याचा तलाव करायचा होता. बय दोनदा म्हणाली, विहीर राहू दे. शेठ म्हणाले, “बय, तुला नाय समजाचा.” मग चष्मा उतरला आणि देवीने विहिरीत आपलं ठाणं असल्याचं जाहीर केलं. विहीर राहिली. कविताला स्कूटर हवी होती. शेठना सुनांनी स्कूटर चालवणं घराण्याला शोभत नाही असं वाटे. बायकोही त्यांच्या लेखी घराण्याची सूनच. देवीला तिच्या देवळात दर मंगळवारी ओटी भरायला कविताच हवी होती, तीही वेळेवर, तीही ड्रायव्हरशिवाय. स्कूटर आली. गॅसचा गिझर नादुरुस्त होऊन न्हाणीघरात वास यायला लागला, तेव्हा शेठना दुरुस्तीवाल्याला फोन करायला सवड मिळेना. देवीला मिळाली. गिझरच्या बाबतीत एखाद्या देवीने कौल दिल्याची ही माझ्या माहितीतली एकमेव घटना आहे.

शेठ ढोंगी नव्हते, हे सांगायला हवं. देवी आली की ते खरोखर थरथरायचे. धिप्पाड देह, मनगटात कडं, तो माणूस लोटांगण घालून “आई, चुकलो” म्हणायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी असायचं. चष्मा असला की ती बय, चष्मा गेला की ती आई. बयचं त्यांनी आयुष्यात ऐकलं नाही आणि आईचं मोडलं नाही.

वर्गात मी वर्षानुवर्षं एक प्रश्न घालत आले होते, ‘राजस्त्रियांवरील गूढवादाचा प्रभाव स्पष्ट करा.’ राजवैभव बंगल्यात मला कळलं की मी प्रश्नपत्रिकाच उलटी काढत होते. इथे राजस्त्रीवर कसलाच प्रभाव नव्हता. प्रभाव सगळा सम्राटावर होता.

आमची शिकवणी मागच्या दारीच चालायची, कारण हॉलमध्ये शेठची माणसं असत. मी मानसीला एका दूरच्या थंड देशातल्या सम्राज्ञीची गोष्ट सांगत होते. तिचा मुलगा आजारी, आणि तो आजार एका दाढीवाल्या साधूच्या हातून उतरतो अशी तिची खात्री. साधू बोलेल ती पूर्व दिशा. बय जवळ्यातले खडे वेचत ऐकत होती.

“त्या बाईचा नवरा काय कराचा?”

“राज्य करायचा.”

“मंग राज्य बुडवला कोनी?”

“पुस्तकं म्हणतात राणीने. साधूचं ऐकून.”

बय तोंडाला पदर लावून अशी हसली की मानसीला तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. “चालवला बाप्यानी, आन् बुडवला बायकोनी?”

मग मी तिला दिल्लीच्या एका शहजादीबद्दल सांगितलं. बादशहाची लाडकी लेक. तिने पीराची दीक्षा घेतली, लग्न केलं नाही, पुस्तक लिहिलं. ही मात्र बयला आवडली. तिने हातातला जवळा सुपात टाकला.

“लगीन नाय केला? आन् बापानी चालवून घेतला?”

“बापाचा फार जीव होता तिच्यावर.”

“जीव आमच्या जग्याचा पन हाय मानसीवर. जीव आसला म्हंजे आयकतो, आसा नाय.” तिने जवळा परत हातात घेतला. मग म्हणाली, “ती पोरगी बापाशी कशी बोलाची? सोता बोलाची, का पीराच्या नावानं?”

मला याचं उत्तर माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. बय निराश झालेली दिसली. तिला ते खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

कारण घरात तोवर मानसीच्या लग्नाचं चाललं होतं. मानसीला एम.ए.ला पुण्याला जायचं होतं. तिने वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, “शिक ना. नानाशेठची सून होऊन शिक.” नानाशेठ म्हणजे उरणकडचे दुसरे सम्राट. त्यांचे ट्रक, यांच्या खाणी. मुलाने कॉलेज मध्येच सोडलं होतं, पण गळ्यातली साखळी अशी की त्यावर दुसरा एखादा मुलगा सहज शिकला असता. दोन्ही साम्राज्यांची सोयरीक झाली की पनवेलपासून समुद्रापर्यंत एकच भराव. मानसीने माझ्याजवळ रडून सांगितलं, की आता सुटका बयच करू शकेल. मी तिला काय सांगणार? अंधश्रद्धेवर मी कॉलेजात तीन भाषणं केली होती, आणि आता मीच मनातल्या मनात गावदेवीला हात जोडत होते.

पण मधल्या काळात दरबारात महाराज आले होते.

महाराज कुठून आले ते कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. रेशमी भगवी कफनी, दोन फोन, आणि बोलताना अर्धी हिंदी. ते आले आणि हॉलमधल्या त्या रिकाम्या मखमली खुर्चीवर बसले. तिला अखेर माणूस मिळाला. त्यांनी बंगल्याचं मुख्य दार एकदा उत्तरेला नेलं, मग पूर्वेला, आणि शेवटी होतं तिथेच आणलं. या प्रवासात दार खूप शुद्ध झालं म्हणे. बयच्या देवीबद्दल त्यांना पूर्ण आदर होता. ते शेठना म्हणाले, “माताजींच्या अंगात येते ती शक्ती खरी आहे. लेकिन क्षेत्रीय है. लोकल लेव्हल. विहीर, गिझर इथपर्यंत ठीक. तुमचा प्रोजेक्ट आता बडा झाला.”

शेठना हे एकदम पटलं. आमदारापर्यंत पोचलेल्या माणसाने ग्रामपंचायतीत किती काळ अडकून राहायचं?

महाराजांनी पत्रिका जुळवली आणि सुपारी फोडायचा दिवस काढला. एकदा दोन्हीकडच्या मंडळींसमोर सुपारी फुटली की शब्द पक्का. मग मोडता घालणं म्हणजे घराण्याची अब्रू. त्या दिवशी क्षेत्रीय शक्तीने घोळ घालू नये म्हणून त्यांनी बंदोबस्तही सांगितला. घराच्या सगळ्या दारांत, उंबऱ्यालगत, मंतरलेल्या मिठाची रेघ. ते गुलाबी मीठ त्यांनी स्वतःच आणलं होतं. गावची कुठलीही देवता ही रेघ ओलांडू शकत नाही अशी त्यांनी हमी दिली.

सुपारीच्या दिवशी कविताने मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. हॉल भरला होता. नानाशेठ, त्यांची भावकी, मुलगा, साखळी. वर खोलीत बायका मानसीला साडी नेसवत होत्या. चौरंगावर तबकात सुपारी, शेजारी अडकित्ता. बय भिंतीकडेच्या साध्या खुर्चीत बसली होती. नवं लुगडं, पायात चपला नाहीत, नाकावर चष्मा.

भटजींनी सुपारी उचलली, आणि बय बोलली. अगदी साध्या आवाजात, जेवायला वाढू का विचारावं तशी.

“जग्या, पोरीचा लगीन आता नाय कराचा. ती पुन्याला शिकाला जानार. मी सांगतंय.”

भटजींचा हात थांबला. मग शेठ हसले, आईवर प्रेम असलेला मुलगा हसतो तसे. त्यांनी वाकून विचारलं, “बय, गोली घेतलीस का?”

“माझा आयक जग्या. ती पोर लगीन नको बोलते. मी बी नको बोलतंय.”

“हो बय. नंतर बोलू. कविता, बयला काय तरी खायाला दे, तिची साखर उतरली आसंल.”

नानाशेठ समजूतदारपणे म्हणाले, “म्हाताऱ्या मानसाचा नातीत जीव आसतो.” त्यांच्या भावकीने माना डोलावल्या. महाराज डोळे मिटून हसले. भटजींनी अडकित्ता उघडला.

मी बयकडे बघत होते. इतकी वर्षं वर्गात मी राण्यांचे चेहरे चित्रांतून दाखवले. पण भर दरबारात बोललेली बाई कोणालाच ऐकू आली नाही, की तिचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तो चेहरा रागावलेला नव्हता. दमलेला होता. मला रडू फुटेल असं वाटलं.

बयने चष्मा काढला. नेहमीसारखा पटकन नाही, सावकाश. एक काडी मिटली, मग दुसरी. तिने तो कविताच्या हातात दिला.

कविता गॅस बंद करायला गेली.

पुढचं वर्णन कसं करावं? अंबाडा सुटला, खुर्ची कोलमडली, आणि तो आवाज आला. बाउन्सर बुटांसकट खाली बसले, बूट काढायलाही वेळ मिळाला नाही. शेठ पांढरे पडले आणि त्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी उंबऱ्याकडे बोट केलं. मिठाची रेघ जागच्या जागी होती.

“आई,” शेठ चाचरत म्हणाले, “तू आत कशी आलीस?”

“मी भायेरशी आली का रं?” देवी गरजली. “मी घरातच व्हती!”

मग ती उठली, उंबऱ्यापाशी गेली, ते गुलाबी मीठ मुठीत घेतलं आणि जिभेवर ठेवून थुंकली. “मिठानं मना अडवतोस? ह्या डोक्यावर मीठ वायला, तवा तू जेवलास! आन् ह्यो कनचा मीठ? ह्याला चव तरी हाय का?”

एवढं बोलून ती वळली आणि मूठभर मीठ महाराजांच्या कफनीवर फेकलं. महाराजांनी दोन्ही पाय मखमली खुर्चीवर घेतले. मिठागरवाल्यांच्या घरात मिठाने देवी अडवायला निघालेला हा माणूस त्रिकाळ जाणत होता म्हणे. त्यात भूतकाळ वगळलेला असावा.

पहिलं लोटांगण नानाशेठनी घातलं. शेवटी तेही खाडीकाठचेच, त्यांच्या आजीनेही मीठच वाहिलेलं. “आई, माफ कर, आमाला काय म्हाईत नाय,” म्हणत त्यांनी स्वतःच सुपारी उचलून तबकाखाली लपवली. त्यांच्यामागे भावकी. शेवटी शेठ.

“पोरीचा लगीन आता नाय कराचा,” देवी म्हणाली. “ती पुन्याला शिकाला जानार. मी सांगतंय.”

तीच वाक्यं. शब्दही बदलला नव्हता.

“जाईल आई, जाईल!” शेठ जमिनीवरूनच म्हणाले. आणि धंद्यातला माणूस असल्यामुळे त्यांनी अटी लगेच स्पष्ट करून घेतल्या. “हॉस्टेलात ऱ्हायली तं चालल का आई?”

“चालल.”

“कवरा शिकवू?”

“जवरा ती शिकल तवरा.”

“एसी लागतो का आई, खोलीला?”

देवीने यावर काही कौल दिला नाही. बय खाली कोसळली, कविताने पाणी मारलं, चष्मा परत नाकावर चढला. तिने आजूबाजूला बघून विचारलं, “पावने जेवले का?”

मानसी पुण्याला गेली. महाराज ज्या दिशेने आले असतील त्या दिशेने गेले, आणि मखमली खुर्ची परत रिकामी झाली. नानाशेठनी सोयरीक दुसरीकडे केली, पण दर नवरात्रात बयला खण-नारळ पाठवायला ते विसरत नाहीत.

मध्यंतरी बयच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता चष्म्याची गरज नाही. राजवैभव बंगल्यात यामुळे केवढा गोंधळ उडाला याची त्या डॉक्टरांना कल्पना नसेल. चष्माच नाही, तर बय कुठे संपते आणि देवी कुठे सुरू होते हे कळणार कसं? बयने “पंखा बंद कर” म्हटलं तरी शेठ दचकायचे आणि उठून बंद करायचे. कविता मला फोनवर म्हणाली, “मॅडम, आता त्यांचं सगळंच ऐकतात. रिस्क कोण घेणार?”

मी बयला शेवटची भेटले ती याच दिवसांत. मागच्या दारी, चुलीपाशी. डोक्यावरून विमानं उतरत होती. प्रत्येक विमानाला ती मान वर करून बघायची आणि मग सुपाकडे वळायची. चष्म्याशिवाय तिचे डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहिले. बारीक आणि फार तल्लख. जवळ्यातला खडा तिला आता लांबूनच दिसायचा.

मानसीचं पत्र, म्हणजे मोबाइलवरचा निरोप, मी तिला वाचून दाखवला. तिला त्याच शहजादीवर पुढे संशोधन करायचं होतं. बय खूश झाली. तिचा मूड बघून मी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

“बय, खरं सांगा. देवी खरंच यायची का हो?”

ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. सूप मांडीवरून खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले.

“आली व्हती,” ती म्हणाली. “येकदाच आली.”

“सुपारीच्या दिवशी?”

“हा. त्याच दिशी.” ती माझ्याकडे वळली. “पन चष्मा काढला त्याच्या आदी. तवा मी बोलली ना, लगीन नाय कराचा, त्यो माझा आवाज नव्हता गो बाय. आतशी कोनतरी बोलला. अंगावर काटा आला माझ्या.”

वरून आणखी एक विमान गेलं. या वेळी तिने वर पाहिलं नाही.

“जन्मात येकदा आई आली,” बय म्हणाली, “आन् जग्यानी तिला इचारला, गोली घेतलीस का.”